पन्हाळा ते विशाळगड : गड वारसा झाला, वाटेचं काय?

जुलै आला की पन्हाळा-पावनखिंड मोहिमेच्या पोस्ट सुरू होतात. जरूर जा. पण गाडीने खिंडीजवळ उतरून, फोटो काढून परत येऊ नका. चालत जा.

विशाळगडापर्यंत साधारण ६० किलोमीटरची वाट आहे. मसाई पठारावर धुकं, पुढे दाट झाडी, ओढे आणि चिखल. आपल्याला दोन-तीन दिवस लागतात. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज सुमारे ६०० मावळ्यांसह भर पावसात, रात्रीतून याच डोंगराळ मुलखातून गेले. पाठलाग सुरू होता. घोडखिंडीत बाजीप्रभू आणि हिरडस मावळातले बांदल उभे राहिले, म्हणून महाराज विशाळगडी पोचले.

मग हे गड आज पडके का? फक्त पावसाने नाही, मंडळी. त्या वेढ्यात राजापूरचे इंग्रज जौहरच्या मदतीला तोफा घेऊन आले होते. पुढे १८४४ मध्ये कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी बंड केलं. ते मोडल्यावर इंग्रजांनीच पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला, विशाळगडाची तटबंदीही पाडली.

२०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. अभिमान आहेच. पण यादीत ही वाट नाही, विशाळगडही नाही. आणि बांदल तर वाटेवरच पडले ना? ती झाडी तुटली, पायवाटेवर सिमेंट पडलं, तर त्या रात्रीचं काय उरेल? ग्रामसभेत विचारा, आमदारांना विचारा. आणि जाताना कचऱ्यासाठी एक पिशवी सोबत ठेवा.