षष्ठी : विभक्ती की विशेषण?

दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी हे मराठी व कन्नड या दोन्ही भाषांच्या वावरातले गाव. याच तालुक्यातील हत्तरसंग-कुडलचा शके 940 (इ. स. 1018) मधील लेख मराठीच्या आद्य शिलालेखांत गणला जातो. या सीमाभूमीवरून पाहिले असता मराठी विभक्तिविचारातील एका जुन्या वादाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी एकच आशय दोन्ही भाषांत कोरलेला आहे. कन्नडमध्ये ‘चामुण्डराजं’ ही प्रथमा असून क्रियापद कर्त्यानुसार चालते. मराठीत ‘चामुंडराजें’ ही तृतीया असून ‘करवियलें’ हे कर्त्याला जुमानत नाही. शेजार जवळचा, आशय एक. तरी विभक्तीची व्यवस्था प्रत्येकीने आपापली राखली.

संबंधाच्या बाबतीत हा भेद अधिक बोलका ठरतो. कन्नडमध्ये ‘रामन होल’, ‘रामन हसु’, ‘रामन मने’ असे ‘रामन’ हे रूप अचल राहते. मराठीत मात्र रामाचा मळा, रामाची गाय, रामाचे घर अशी वस्तूच्या लिंगवचनानुसार रूपे पालटतात. काकेशसमधील कराचाय-बाल्कार या तुर्की कुळातील भाषेत तर स्वामित्वाची खूण वस्तूलाच जडते : ‘युय’ म्हणजे घर, ‘युयुम’ म्हणजे माझे घर, विभक्तिप्रत्यय त्यानंतर लागतो.

दादोबा पांडुरंग यांच्या 1836 च्या व्याकरणापासून मराठीचा विचार प्रामुख्याने संस्कृतच्या चौकटीत झाला आणि ‘चा-ची-चे’ यांना षष्ठीचे स्थान मिळाले. तथापि ‘रामाच्या घरात’ या प्रयोगात ‘चा’ स्वतःच सामान्यरूप घेतो. विभक्तिप्रत्ययालाच पुन्हा विकार व्हावा, ही गोष्ट त्या चौकटीत बसत नाही. शिवाय ‘कालचा’, ‘वरचा’ अशा रूपांत तो नामाखेरीज अन्य शब्दांनाही लागतो. कन्नडमध्येही ‘निन्नेय’ (कालचा) असे रूप होते, पण ते लिंगवचनाने बदलत नाही. म्हणजे अव्ययाला लागणे एवढ्यावरून ‘चा’ विशेषण ठरत नाही. ते ठरते त्याच्या विकारामुळे.

मराठीने पाणिनीय परंपरेकडून संज्ञा घेतली, परंतु वस्तुस्थिती स्वतःची घडवली. अरविंद मंगरूळकरांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ (1964) मध्ये उसन्या साच्यांविषयी उपस्थित केलेला प्रश्न म्हणूनच केवळ परिभाषेचा नाही. आठ विभक्तींचा तक्ता पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला भाषेचे नियम सांगितले जातात की दुसऱ्या भाषेच्या नियमांचे प्रतिबिंब, हा तो प्रश्न आहे. होटगीसारख्या गावातील द्विभाषिक मुलाला ‘रामन’ आणि ‘रामाचा’ यांतील अंतर व्यवहारातून उमगते. व्याकरणाने त्याला ते नाव देऊन सांगावे, एवढीच अपेक्षा आहे.