गडावरचा केर आणि रयतेचीं झाडें



आज मला बोलावयाचें आहे तें एका राजनीतीच्या ग्रंथाविषयीं. परंतु त्यांतील राजनीति मी बहुतांशीं बाजूस ठेवणार आहें. वतनदार, सावकार, टोपीकर यांविषयींचीं त्यांतलीं प्रकरणें पुष्कळ विद्वानांनीं विवरून सांगितलीं आहेत. त्याच ग्रंथांत पाणी, झाड आणि केर यांविषयींही आज्ञा आहेत. त्या वाचतांना आपण एखाद्या नगरपालिकेचें कालचें परिपत्रकच वाचीत आहों असा भास होतो. फरक इतकाच कीं, त्यांची भाषा परिपत्रकाहून पुष्कळ सरळ आहे.

हा ग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचें 'आज्ञापत्र'. रामचंद्र नीलकंठ बावडेकर यांनीं शिवाजीमहाराजांची कारकीर्द डोळ्यांनीं पाहिली, संभाजीमहाराजांची पाहिली, आणि राजाराममहाराज १६८९ सालीं जिंजीकडे गेले तेव्हां मागें महाराष्ट्राचा भार ज्यांच्या खांद्यावर पडला त्यांत हे प्रमुख होते. 'हुकुमतपन्हा' हा किताब त्यांना त्याच प्रसंगीं मिळाला. पुढें कोल्हापूरच्या गादीवर संभाजीराजे असतांना, सुमारें १७१५-१६ च्या सुमारास, आयुष्याच्या अखेरीस त्यांनीं राज्य कसें चालवावें याचे नियम लिहून काढविले. येथें एक गोष्ट स्पष्ट करून टाकणें बरें. यांतील झाडांविषयींचा मजकूर हल्लीं 'शिवाजीमहाराजांचें पत्र' म्हणून फलकांवर रंगविलेला आढळतो. शिक्षकाच्या खोडीनें मी तो पाहिला कीं मनांतल्या मनांत लाल शाईची रेघ ओढतों. मजकूर अमात्यांच्या आज्ञापत्रांतला आहे. ज्या राज्याची रीत त्यांनीं तरुणपणीं पाहिली तिची छाया त्यावर आहे हें खरें. पण म्हणून दुसऱ्याचें लेखन महाराजांच्या नांवावर घालण्याचें कारण नाहीं. महाराजांचा मोठेपणा त्यावांचून उणा पडत नाहीं.

प्रथम पाणी. गड बांधावयाचा तर आधीं तेथें पाणी आहे कीं नाहीं तें पाहावें, असें अमात्य सांगतात. पाणी नाहीं आणि जागा तर सोडतां येत नाहीं, अशी अडचण असेल तर खडक फोडून टाकीं खोदावीं, आणि तीं इतकीं असावीं कीं पुढच्या पावसाळ्यापर्यंत पाणी पुरावें. गडावर झरा आहे, तेव्हां आतां चिंता नाहीं, असेंही समजूं नये. कारण लढाईच्या दिवसांत तोफांच्या हादऱ्यानें झरे कमी होतात आणि नेमका त्याच वेळीं पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून दोनचार टाकीं राखीव ठेवावीं आणि त्यांतलें पाणी एरवीं खर्चूं नये.

या आज्ञेंत गडाचा सारा स्वभाव आला आहे. गड म्हणजे चहूंबाजूंनीं कडा असलेलें एक भांडें. त्यांत जें आहे तें आहे. संपलें म्हणजे संपलें. पन्हाळ्यावर अगर रायगडावर राहणाऱ्या माणसाला टाक्याचा तळ दिसत असे, आणि तळ दिसला कीं माणूस आपोआप हिशेबानें वागतो. आमच्या घरांत नळ आला तेव्हांपासून तळ दिसेनासा झाला. माझ्या लहानपणीं विहिरीवरून दोन हंडे आणावयास आईला किती श्रम पडत तें मला ठाऊक होतें, आणि म्हणून तांदूळ धुतलेलें पाणी अळवाला व अंघोळीचें पाणी केळीला जात असे. त्याला कोणी पर्यावरण वगैरे म्हणत नसे. खांद्याला रग लागली कीं काटकसर येते, एवढेंच तें शास्त्र.

आतां केराविषयीं, कारण या विषयावर आज्ञापत्रांत जें आहे तें मला सर्वांत अधिक आश्चर्याचें वाटतें. गडावरच्या वाटा, बाजार, तट यांवर केरकचरा पडूं देऊं नये, हें तर आलेंच. पण झाडून काढलेला केर तटावरून खालीं लोटून द्यावा, ही जी सर्वांत सोपी युक्ति, तीच अमात्यांनीं बंद केली आहे. केर गडाखालीं टाकूं नये. जागच्या जागीं जाळावा. राख परसांत घालावी आणि तिच्यावर घरोघर भाजीपाला करावा. एवढ्या थोड्या शब्दांत तिन्ही गोष्टी उरकल्या आहेत: घाण गेली, खत झालें, आणि वेढ्याच्या दिवसांत खालून भाजी येणार नाहीं तिची सोय झाली. ज्या राज्यकर्त्याला परसांतल्या भाजीची आठवण राहते त्याला प्रजेच्या चुलीचीही आठवण असते.

मात्र ही आज्ञा जशीच्या तशी आज पाळणें चुकीचें होईल. त्या केरांत पालापाचोळा, गवत, शेण, चिंध्या याखेरीज दुसरें काय असणार? आजच्या केरांत प्लॅस्टिक आहे. तें जाळलें असतां विषारी वायु सुटतात आणि त्याची राख भाजीला घालण्याच्या लायकीची राहत नाहीं. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनीं ओला, सुका आणि घातक असा केर घरांतच वेगळा करावा असें ठरविलें; महाराष्ट्रांत २०१८ सालीं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. असें असूनही रोज सकाळीं कोठें ना कोठें रस्त्याच्या कडेला केराचा ढीग धुमसतांना दिसतो. अमात्यांच्या आज्ञेचा जो अर्धा भाग टाकून द्यावयाचा तो आम्हीं ठेवला, आणि जो ठेवावयाचा तोच टाकला. ओला केर खड्ड्यांत अगर कुंडींत मुरवून खत करणें हा त्यांच्या राखेचा आजचा अवतार आहे. त्याला दोन हात जागा पुरते.

झाडांच्या बाबतींत आज्ञापत्र दोन ठिकाणीं बोलतें. गडावर आहेत तीं झाडें राखावींच. शिवाय आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ अशीं मोठीं, लिंबू-नारिंगीसारखीं लहान, फुलझाडें, वेली, सारांश उपयोगाचें असो वा बिनउपयोगाचें, जें झाड रुजेल तें लावावें आणि जतन करावें. बिनउपयोगाचें झाडही लावा असें सांगणारा मुत्सद्दी मला दुसरा आढळला नाहीं. त्याचें कारणही त्यानें व्यवहाराचेंच दिलें आहे: वेळ आली तर निदान लांकूड तरी होईल.

दुसरें ठिकाण आरमाराच्या प्रकरणांत आहे, आणि खरी परीक्षा तेथें आहे. गडावर झाड लावा म्हणणें सोपें, कारण गड सरकारचा. जहाजें बांधावयाचीं तर लांकूड हवें, तेंही पुष्कळ आणि चांगलें. तेव्हां अमात्य म्हणतात, मुलखांतील अरण्यांतून साग वगैरे जें लांकूड लागेल तें हुजुरांत कळवून परवानगीनें तोडावें. कमी पडेल तें परमुलखांतून विकत आणावें. आंबा आणि फणस हींही आरमाराच्या कामाचीं लांकडें, पण त्यांना हात लावूं नये. कां? तर हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लावून पोटच्या मुलाप्रमाणें बहुत काळ वाढविलेलीं असतात. तीं तोडल्यावर तिच्या दुःखाला पार राहत नाहीं. एकाला दुःख देऊन साधलेलें काम टिकत नाहीं आणि त्याचा दोष धन्यावर येतो. एखादें झाड फारच जीर्ण होऊन निरुपयोगी झालें असेल तर मालकाला समजावून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. जबरदस्ती मुळींच करूं नये.

लक्षांत घ्या, येथें झाडाचें रक्षण झाडाकरितां सांगितलेलें नाहीं. झाड आणि तें लावणारा माणूस यांना वेगळें केलेलेंच नाहीं. पुढच्या दोनशे वर्षांत हेंच नेमकें सुटलें.

इंग्रजांचें आरमारही लांकडाचेंच होतें. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें सागाचीं जहाजें बांधलीं. त्यांतलें १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें 'त्रिंकोमाली' हें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही जपून ठेविलें आहे. दोनशे वर्षांवर टिकलें यावरून साग कोणत्या प्रतीचा होता तें समजावें. पुढें १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी सुरू झाली, लोहमार्ग वाढत गेला आणि त्याखालच्या आडव्या लांकडांसाठीं जंगलांवर कुऱ्हाड पडली. सरकारांतही डोळस माणसें होतीं. अलेक्झांडर गिब्सन नांवाचा डॉक्टर पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेवर होता; १८४७ सालीं तो मुंबई इलाख्याचा पहिला जंगल-अधिकारी झाला. कोंकणांतील डोंगर उघडे पडून झरे आटतात आणि खाड्या गाळानें भरतात हें तो सरकारास बजावीत असे. त्याचें निदान बरोबर होतें. परंतु सरकारनें औषध दिलें तें १८६५ आणि १८७८ च्या जंगल-कायद्यांचें. त्यांनीं जंगल राखलें म्हणजे त्याला कुंपण घातलें, आणि कुंपणाबाहेर राहिला तो पिढ्यान् पिढ्या त्याच डोंगरावर गुरें चारणारा माणूस. ठाणें-कुलाब्याकडील शेतकऱ्याला भाताच्या रोपासाठीं राब भाजावा लागतो. त्याला फांद्या तोडण्याचीही चोरी झाली. इतकी ओरड झाली कीं सरकारला चौकशीसाठीं मंडळ नेमावें लागलें.

जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला, त्यांत या खात्यावर कडक आसूड ओढला आहे. पण मला त्यांतला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. डोंगरावरचा पालापाचोळा कुजून त्याचें सत्त्व पावसाबरोबर शेतांत उतरतें, आणि तें वाहून जाऊं नये म्हणून जागोजागीं ताली-बांध घालावे, असें ते सांगतात. शंभर वर्षांनंतर 'पाणलोट क्षेत्र' हा जड शब्द घेऊन आम्ही त्याच ठिकाणीं येऊन पोहोंचलों.

कायदा नसतां जंगल राहतच नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं सह्याद्रींतल्या देवराया पाहाव्या. १९७० नंतरच्या वर्षांत वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनीं त्यांचा अभ्यास करून वनस्पतींचा केवढा ठेवा त्यांत शिल्लक आहे तें दाखविलें. तेथें पहारेकरी नव्हता. काळकाई, भैरोबा, वाघजाई होती, आणि गांव होतें. भीति होती हें मी नाकारीत नाहीं, पण ती भीति गांवाची स्वतःची होती.

आज कायदे आहेत. १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, शहरांसाठीं १९७५ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा-वृक्षाचा मान मिळाला, आणि तें तोडलें तर त्याच्या वयाइतकीं रोपें लावावयाचीं असें ठरलें. हे सर्व उपयोगी आहेत. त्यांच्याशिवाय आमच्या रस्त्यांवर एक वड उरला नसता. परंतु परवाना हातीं आला म्हणजे काम संपलें असें मानण्याची संवय यांनीं लागते, आणि हें मी दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणत नाहीं.

मी ज्या शाळेंत अखेरचीं वर्षें होतों तिला एक नवी खोली बांधावयाची होती. जागा थोडी, कडेला बांधावर एक फणस होता. फणस शेजारच्या शेतकऱ्याचा, पण मोजणींत बांध शाळेकडे आला. मीं रीतसर अर्ज केला, परवानगी आली, झाड तोडलें. कागद सर्व ठीक होते. आज्ञापत्रांतला तो उतारा मीं त्यापूर्वीं वीस वर्षें मुलांना शिकविला होता, त्यांतलीं वाक्यें शुद्धलेखनाला घातलीं होतीं. तरीही त्या शेतकऱ्याच्या दारीं जाऊन एक शब्द विचारावा असें माझ्या मनांत आलें नाहीं. दुपारीं तो आला आणि बुंध्यावर बसून राहिला. भांडला असता तर मला बरें वाटलें असतें. जातांना एवढेंच म्हणाला, "गुरुजी, बानं लावला होता. सांगितलं असतंत तर आदल्या दिवशी आईला आणून दाखवला असता."

दुसऱ्या पावसाळ्यांत मीं फणसाचें एक रोप घेऊन त्याच्या घरीं गेलों. त्यानें तें ठेवून घेतलें. मला आंत बोलावलें, चहा दिला. तें रोप त्यानें परसांत, मोरीचें पाणी जेथें जातें तेथें लावलें. त्याला फळ धरावयाच्या आधीं त्याची आई वारली. गेल्या उन्हाळ्यांत चार फणस धरले आणि त्यांतला एक त्याच्या नातवानें माझ्या घरीं आणून दिला. मीं तो घेतला. गरे गोड होते. आठळ्या धुवून वाळत घातल्या आहेत. पाऊस पडला कीं शाळेच्या मागच्या बाजूला चार लावाव्या असा विचार आहे, पण या खेपेस बांध कोणाचा तें आधीं विचारणार आहें.