छायाचित्राची प्रत आणि तिचे मोल

गणेशचतुर्थीच्या आधी मूर्तिकाराच्या घरी एकाच साच्यातून शंभर गणपती निघतात, हे आपण पाहतोच. छायाचित्राचेही तसेच. एक निगेटिव्ह हाती असली म्हणजे हव्या तितक्या प्रती काढा! मग अमेरिकेत आणि इंग्लंडात रॉक संगीतातील गायक-वादकांची छायाचित्रे कलादालनांत लागतात आणि संग्राहक मोठी किंमत देऊन ती घरी नेतात, हे कसे?

रॉक म्हणजे विजेची गिटार आणि ड्रम यांच्या साथीने गायले जाणारे, १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत उदयास आलेले तरुणांचे संगीत. त्याचे फोटो काढणाऱ्याला आरंभी कोणी कलावंत म्हणत नसे. वर्तमानपत्राला किंवा ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनाला फोटो हवा असे. तो छापला की काम संपले.

१९६७ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात ‘रोलिंग स्टोन’ हे नियतकालिक निघाले. त्याचे पहिले मुख्य छायाचित्रकार बॅरन वोलमन. पैशाची चणचण असलेल्या या पत्रासाठी ते बिनपगारी काम करावयास तयार झाले. पण अट एकच, छायाचित्रांची मालकी आपल्याकडे राहील. त्या वेळी ही अट किरकोळ वाटली असेल. पुढे मात्र तीच त्यांच्या कामी आली. ज्याची निगेटिव्ह, त्याचा प्रत काढण्याचा हक्क!

दुसरे गृहस्थ हेन्री डिल्ट्झ. हे मूळचे वादक. १९६६ साली त्यांनी एक जुना कॅमेरा विकत घेतला आणि त्यांचा मार्गच बदलला. डिसेंबर १९६९ मध्ये ‘द डोअर्स’ या वाद्यवृंदाला घेऊन ते लॉस एंजेलिसमधील मॉरिसन हॉटेल या साध्याशा हॉटेलात गेले. खोलीचे भाडे अडीच डॉलरपासून, अशी पाटी तिथे काचेवर होती. मालकाच्या परवानगीवाचून फोटो काढता येणार नाही, असे कारकुनाने बजावले. पण थोड्या वेळाने तो जागेवरून उठून गेला. झाले! चौघे वादक झटकन आत शिरून खिडकीशी उभे राहिले आणि डिल्ट्झ यांनी रस्त्यावरून फोटो टिपले. १९७० साली त्यांतलाच एक ध्वनिमुद्रिकेवर झळकला. २००१ साली डिल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये संगीत-छायाचित्रांचे दालन काढले, त्याला नाव दिले तेच : मॉरिसन हॉटेल.

आता किमतीचे गमक पाहू. छायाचित्रकार आधीच जाहीर करतो, की या आकारात पन्नासच प्रती काढीन. बारावी प्रत असेल तर तिच्यावर ‘१२/५०’ असा आकडा घालून खाली सही करतो. एक्कावन्नावी प्रत त्या आकारात निघणार नाही, हा त्याचा शब्द. प्रतही साधी नसते. अंधाऱ्या खोलीत चांगल्या कागदावर चित्र उमटवायचे, हायपोत स्थिर करायचे, मग भरपूर पाण्याने धुवायचे. हायपो राहिला तर चित्र पुढे पिवळे पडते. आज उत्तम शाईने छापलेल्या प्रतीही निघतात, पण आकड्याचा नियम तोच. फोटो काढला त्याच सुमारास काढलेली जुनी प्रत तर विशेष मोलाची; मागे पेन्सिलीच्या खुणा असल्या तरी चालतात, नव्हे, त्या हव्याच असतात. छायाचित्रकार निवर्तल्यावर त्याचे वारस शिक्का मारून प्रती काढतात; पण सही नाही, म्हणून किंमत बहुधा उतरते.

म्हणजे मोल कागदाचे नाही. ते आहे त्या क्षणाचे, आणि दिलेल्या शब्दाचे. कोणी गुपचूप जास्त प्रती काढल्या तर सारा व्यवहार कोसळेल.

डिसेंबर २०२४ मध्ये लॉस एंजेलिसमधील ती ओस पडलेली हॉटेलची इमारत आगीत सापडली. वास्तूचे असे झाले. चित्र मात्र राहिले, कारण निगेटिव्ह एका माणसाने जपली. शिक्षकबंधूंनो, शाळेच्या कपाटातील जुने फोटो एकदा बाहेर काढा. कोण, केव्हा आणि कोणी काढला, एवढे मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवा. उद्याच्या इतिहासाला तेवढा आधार पुरेल.