जरा हात लावता का?

रॉड घरी आला तेव्हा बायकोनं एकच प्रश्न विचारला, "फरशीचं काय?" दुसरा प्रश्न मी स्वतःलाच विचारायला हवा होता: हे वजन मानेवर येणार कसं?

सत्तेचाळिसावं लागलं होतं. आमच्या कन्नड गावात जिम नाही असं नाही. पण ज्या पोरांना मी दहावीला भूमिती शिकवली, तीच तिथं "सर, अजून खाली" म्हणायला लागली, तेव्हा मी साठ किलोच्या प्लेटा आणि सहा फुटांचा रॉड विकत घेऊन घरी आलो. रॉड खांद्याच्या उंचीवर टेकवून ठेवायचा रॅक घेतला नाही. दहा बाय बाराच्या खोलीत दिवाण, कपाट आणि लेकीचं टेबल आहे. त्यात लोखंडी चौकट उभी केली असती तर आम्हाला अंगणात झोपावं लागलं असतं.

अडचण साधी आहे. मांड्या साठ किलो घेऊन उठतात, पण ते साठ किलो मानेमागे नेऊन ठेवायचं काम हातांचं, आणि माझ्या हातांना चाळीसच जड. पहिल्या दिवशी चाळीस घातले, रॉड छातीवर घेतला, डोक्यावर ढकलला आणि मानेमागे उतरवला. तो नेमका मानेच्या फुगीर मणक्यावर टेकला. दुसऱ्या दिवशी टॉवेलची घडी घातली. दुकानात याच कामासाठी फोमची नळी मिळते. आईनं ती पाहिली असती तर चुंबळच म्हटलं असतं.

उपाय सापडला तो मार्केट यार्डात. मक्याचे दिवस होते, ओळखीच्या आडत्याकडे बसलो होतो. समोर एक वयस्क हमाल एकटाच गोण्या हलवत होता. गोणी उभी करायचा, तिच्याकडे पाठ करून गुडघ्यांत बसायचा, हात मागे टाकून गोणीचे दोन्ही कान धरायचा आणि पुढे वाकायचा. गोणी आपोआप कलून पाठीवर यायची. मग तो उठायचा. मी म्हणालो, "काका, एकट्यानं उचलता?"

"उचलतंय कोण, सर?" तो म्हणाला. "उभं करायचं, खाली बसायचं आन् अंगावर घ्यायचं. उचलायला गेलात का कंबर गेली."

घरी येऊन शोधलं, तर शंभर वर्षांपूर्वी एका जर्मन पैलवानानं रॉडचं हेच केलं होतं. हाइनरिख ऊर्फ मिलो स्टाइनबॉर्न पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियात नजरकैदेत होता, आणि 1921 साली अमेरिकेत पोचला. तिथले व्यायामपटू तोवर बैठका काढायचे त्या हलक्या वजनानं, टाचा उचलून, चवड्यांवर. स्टाइनबॉर्न जड रॉड एका टोकावर उभा करायचा, त्याच्या बाजूला खाली बसायचा, रॉड खांद्यांवर कलता करून घ्यायचा आणि टाचा जमिनीला टेकवून उठायचा. बैठका झाल्या की पुन्हा खाली बसून रॉड त्याच बाजूला कलवायचा. मदतनीस नाही, रॅक नाही. अमेरिकेत जड स्क्वॉटचं, म्हणजे वजन घेऊन मारायच्या बैठकांचं, वेड लागलं ते त्याला पाहून, आणि या पद्धतीला आजही त्याचंच नाव आहे. पुढे त्यानं कुस्त्या केल्या, कुस्त्यांचे फड भरवले आणि ओरलँडोत व्यायामशाळा चालवली. त्यानं ही युक्ती एखाद्या गोदीतल्या हमालाकडून उचलली, असं मी म्हणणार नाही. प्रश्न एकच असला की उत्तर दोन ठिकाणी निघू शकतं.

टाचा उचलणारी बैठक आपल्याला नवी नाही. तालमीतली बैठक तशीच असते: खाली जाताना टाचा सुटतात, हात झुलतात, आणि आकडा शेकड्यांत मोजला जातो. तिथं वजन वाढवत नाहीत, संख्या वाढवतात. अपवाद आहेत. उत्तरेकडच्या आखाड्यांत गरनाल नावाचं दगडी कडं गळ्यात घालून जोर-बैठका काढतात. म्हणजे वजन मानेवर कसं आणायचं याचं त्यांचं उत्तर असं, की ते माळेसारखं घालायचं. पण गळ्यात घालता येईल एवढंच वजन घालता येतं, तिथं त्या युक्तीची हद्द संपते.

शब्दही मजेदार आहे. बैठक म्हणजे बसणं. लावणीची बैठक, पंचायतीची बैठक, दिवाणखान्यातली बैठक, सगळीकडे माणसं बसतात आणि बसूनच राहतात. पैलवानाची बैठक मात्र उठण्यासाठी असते. उठाबशी हा शब्द जास्त प्रामाणिक, पण तो शाळेतल्या शिक्षेनं आणि गणपतीपुढच्या कान धरण्यानं अडवून ठेवला. रॉडचं इंग्रजी नावही असंच: बारबेलमधली 'बेल' म्हणजे घंटाच. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये चर्चची घंटा ओढावी तसा दोर ओढायचा व्यायाम होता. घंटा नसल्यानं आवाज नव्हता, म्हणून ती मुकी घंटा, डंबेल. दांडा लांबला तेव्हा बारबेल झालं. नावात घंटा राहून गेली.

बैठकांनी गुडघे जातात या भीतीलाही कुळ आहे. 1961 साली टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी खोल स्क्वॉटनं गुडघ्याचे बंध सैल होतात असा निष्कर्ष मांडला. तो अमेरिकेतल्या शाळांत आणि सैन्यात पसरला. अर्ध्यावर थांबा, खाली जाऊ नका. नंतरच्या अभ्यासांत तो टिकला नाही. त्या वर्षी आमच्या तालुक्यात सगळी माणसं दिवसातून कितीदा उकिडवी बसत असतील! खुरपायला, चुलीपुढे, पारावर बिडी ओढताना, सकाळी ओढ्याकाठी. आम्ही गुडघे गमावले ते खाली बसून नव्हे. कमोड आला, डायनिंग टेबल आलं, मोटारसायकल आली, आणि चाळिशीतला माणूस उकिडवं बसला की मागे कलंडायला लागला. रॉड आणण्याआधी मी दोन महिने दाराची चौकट धरून नुसता उकिडवं बसायला शिकलो. वजन त्यानंतर.

आता रॅकचं. माझ्या मते रॅकचा खरा पूर्वज व्यायामशाळेत नाही, रस्त्याकडेला आहे. केरळात जुन्या वाटांवर दोन उभे दगड आणि त्यांवर आडवी शिळा दिसते. तिला चुमडुतांगी म्हणतात. डोईवर ओझं घेऊन निघालेला माणूस त्या शिळेवर ओझं सरकवायचा, दम घ्यायचा, आणि कुणाला "जरा हात लावता का?" न म्हणता तिथूनच ते पुन्हा डोक्यावर घ्यायचा. डोक्यावर नेण्याचं ओझं जमिनीवर ठेवलं, की ते चढवायला दुसरा माणूस लागतो. शिळेनं त्या दुसऱ्या माणसाचं काम केलं. व्यायामवाल्यांना हे सुचायला वेळ लागला. 1930 च्या दशकात अमेरिकेत स्क्वॉटचे स्टँड घरच्या घरी बनायला लागले, साठच्या दशकात चौकटीचे रॅक विकले जाऊ लागले, 1972 साली पॉवरलिफ्टिंगचा आंतरराष्ट्रीय महासंघ निघाला, आणि स्पर्धेतला स्क्वॉट रॅकवरूनच सुरू होतो. आज जिममधल्या पोराला रॅक नसलेला स्क्वॉट म्हणजे जुगाड वाटतो. स्टाइनबॉर्नच्या काळी तोच स्क्वॉट होता.

ओझ्याचं कुळ काढायचं तर आम्हाला लांब जायला नको. गौताळ्याच्या डोंगरातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत एक यक्ष सापडला, तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, ढेरपोट्या, गळ्यात दागिने, आणि डोक्यावर भलंमोठं वाडगं. तो हसतोय. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय, कण्हदास, धंदा सोनाराचा. दोन हजार वर्षांपेक्षा जास्त काळ ते वाडगं त्याच्या डोक्यावर आहे आणि ते चढवायला हात कुणी लावला, हे कुणाला पडलेलं नाही. खऱ्या माणसांबाबतीत महाराष्ट्राला पडलं. माथ्यावर वाहतो तो माथाडी, त्याच्यासाठी 1969 साली कायदा झाला. क्विंटलचं पोतं पन्नास किलोवर आलं, ते हमालांच्या संघटनांनी मागत राहिल्यावर.

स्टाइनबॉर्नची युक्ती मी घरी करून पाहिली. रॉड उभा केला, वरचं टोक पंख्यापासून हातभर खाली. बाजूला बसलो, कलवला. खालच्या टोकाची क्लिप ढिली होती. पाचची प्लेट गळून दिवाणाखाली गेली, दुसरी बाजू जड झाली आणि रॉड मला घेऊनच त्या बाजूला पडला. मला काही झालं नाही. फरशीला झालं. बायको दारात येऊन उभी राहिली आणि काही बोलली नाही, ते जास्त लागलं. शिवाय त्या पद्धतीत जड वजनाखाली कंबर एका बाजूला वाकते, आणि या वयात माझी कंबर तो व्यवहार करायला तयार नाही.

म्हणून आता झर्चर. एड झर्चर हा 1930 च्या दशकातला अमेरिकेतल्या सेंट लुईसचा व्यायामपटू. त्याच्याकडे रॅक नव्हता असं सांगतात. रॉड जमिनीवरून मांड्यांपर्यंत उचलायचा, थोडं बसून मांड्यांवर टेकवायचा, कोपरांच्या खळग्यांत घ्यायचा आणि बैठक मारायची. मान सुटते, पाठ ताठ राहते, आणि जमलं नाही तर रॉड सरळ खाली ठेवता येतो. कोपरं मात्र सोलवटतात. तिथं टॉवेलची चुंबळ. चाळीस किलो, पाच-पाचच्या चार खेपा, आठवड्यातून तीनदा. घाई नाही.

फुटलेल्या फरशीचं मी हमालकाकांना सांगितलं. त्यांनी गोदामाच्या कोपऱ्यातून दोन रिकाम्या गोण्या काढून दिल्या. "चौपट घडी घाला," म्हणाले. त्या आता रॉडच्या दोन्ही टोकांखाली असतात. झटकल्या की अजून मक्याचा एखादा दाणा निघतो.