एकेरी आणि दुहेरी अवतरण

मेजर टॉमस कँडी यांचें महाबळेश्वरीं २६ फेब्रुवारी १८७७ रोजीं देहावसान झालें. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाचे ते साहाय्यक. १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश त्यांनींच सिद्धीस नेला. परंतु मराठी माणूस रोज ज्यांचा उपयोग करितो तीं विरामचिन्हें रुजविण्याचें श्रेयही त्यांसच दिलें जातें. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हें त्यांचें पुस्तक १८५० चें.

तत्पूर्वीं मोडी लिहिणारा कारकून आधीं आडवी रेघ ओढी आणि तिला अक्षरें टांगीत जाई. शब्द तोडण्याची चाल नव्हती, मग चिन्हें कोठलीं? दुसऱ्याचें बोलणें सांगावयाचें तर शेवटीं ‘म्हणोन’ येई. बोलणें कोठें संपलें तें त्यानें कळे. कोठें सुरू झालें तें वाचणाऱ्यानें ताडावें. ‘कीं’ ह्या अव्ययाची तऱ्हा नेमकी उलट: तें दार उघडतें, लावीत नाहीं.

शिवाय मराठींत एक अडचण अशी, कीं दुसऱ्याचें म्हणणें सांगतांना इंग्रजीप्रमाणें सर्वनाम बदलावेंच लागत नाहीं. साक्षीदार सांगतो: तो म्हणाला कीं मी चोर आहें. आतां चोर कोण? बोलतांना स्वरानें उलगडा होईल. कागदावर लिहिलेल्या जबानींत मात्र एका माणसाची अब्रू त्या ‘मी’वर लोंबकळत राहते. तो म्हणाला, “मी चोर आहें,” असें लिहितांच कबुली कोणाची तें ठरतें.

हें झालें दुहेरी चिन्हाचें काम. एकेरीचें काम अधिक सूक्ष्म आहे. महाबळेश्वर थंड आहे, तें गांव. ‘महाबळेश्वर’ सहा अक्षरी आहे, तो शब्द. एकेरी चिन्ह नांवाला नांवच राहूं देतें.

गंमत अशी, कीं संगणकाच्या आज्ञाभाषांतही हाच भेद उतरला. युनिक्सवरील १९७९ च्या बोर्न शेलमध्यें एकेरी चिन्हांतील मजकूर अक्षरशः तसाच राहतो. दुहेरींत डॉलरचें चिन्ह लावलेलें नांव आलें, तर त्याच्या जागीं त्या नांवाखालीं सांठविलेला ऐवज येऊन बसतो. पायथॉनसारख्या भाषेनें हा भेद ठेवला नाहीं. तेथें दोन्ही जोड्या सारख्याच. शेलमध्यें मात्र चिन्ह उघडून मिटावयाचें राहिलें, तर संगणक आज्ञा पुरी झाली असें मानीत नाहीं. पुढची ओळ मागत थांबून राहतो.