चालू गाडीत टर्मिनल काढायची सवय कुठून आली?

मंडळी, पोखर्णीत आमच्या जुन्या पिकअपची बॅटरी रोज सकाळी बसायची. मिस्त्री म्हणाले, "चालू गाडीत टर्मिनल काढून बघू. बंद पडली की चार्जिंग गेलं समजा." मी म्हटलं, थांबा मामा!

ही सवय डायनॅमोच्या जमान्यातली. डायनॅमो थेट डीसी वीज द्यायचा, पण इंजिन मंद असलं की जवळपास काहीच नाही. 1960 साली अमेरिकेत क्रायस्लरच्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर आला. तो एसी तयार करतो, सिलिकॉन डायोड तिची डीसी करतात. चालू गाडीत बॅटरी काढली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि हेच डायोड जळू शकतात. शिवाय कित्येक जुनी डिझेल इंजिनं बॅटरी काढली तरी चालूच राहतात, मग कळणार काय?

त्यापेक्षा मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, चालू गाडीत साधारण 13.8 ते 14.4. आमच्या अल्टरनेटरवर 14.2, बॅटरीवर मात्र 12.9! म्हणजे अडथळा मधे कुठेतरी. बघतो तर इंजिनची अर्थिंग वायर गंजलेली. घासली, आवळली, बॅटरीवर 14.1.

नवीन बॅटरीचे पैसे वाचले. मिस्त्रीमामांनी मीटर मागून घेतलाय, अजून परत आला नाही.