चित्रकारांच्या हाती कॅमेरा

धानाची कापणी-मळणी आटोपली, की चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील झाडीपट्टीत थंडीच्या रात्री नाटकांनी जाग्या होतात. परंतु नाटकास भाषेची मर्यादा असते. आणि या अरण्यात मराठीबरोबर गोंडी, माडिया, सिरोंच्याकडील तेलुगू व वसाहतींतील बंगालीही नांदते. अशा प्रदेशात हिवाळ्यात आधुनिक चित्रकारांविषयीचे चित्रपट दाखवावयाचे झाल्यास त्याची सामग्री मुंबईतच सापडते.

१९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने पुढे एक धाडस केले. खुद्द चित्रकारांच्याच हाती कॅमेरा दिला. पंढरपुरास जन्मलेले आणि उमेदवारीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगविणारे मकबूल फिदा हुसेन यांनी १९६७ साली राजस्थानात ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला. छत्री, कंदील, जोडा, गाय हीच त्यातील पात्रे. आरंभीचे थोडे शब्द सोडल्यास निवेदन नाही; कथा तर नाहीच. तरीही त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्यास ‘सुवर्ण अस्वल’ मिळाले. १९७० साली तय्यब मेहता यांचा ‘कूडल’ आला. १९७२ साली सत्यजित राय यांनी ‘द इनर आय’मध्ये, दृष्टी गेल्यावरही कला न सोडणारे शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी दाखविले. त्यातील निवेदन इंग्रजी आहे. तेवढे कोणी मराठीत सांगितले की पुरे.

आधुनिक कला ही शहराची मिरास, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु नाटकासाठी जेथे माणसे पहाटेपर्यंत थंडीत बसतात, तेथे तिला प्रेक्षक मिळणार नाहीत, हे कशावरून?